अजगराची मुंडी

बॅनरमधलं केसरीनाथला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या भिवंडी तालुक्यात कुणाला कळत नाही! निदान त्याचं स्वतःचं तरी असंच मत होतं. कुणाचा फोटो केवढा, कुणाचा गॉगल लावून, कुणाचा हात जोडून, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. आता त्याला आपल्या वडपे गावाचा सरपंच व्हायचं होतं, आणि पॅनल होतं लडकूशेठचं. शेठची मर्जी बसली की उमेदवारी खिशात!

म्हणून शाळेच्या विनिता मॅडमनी शिबिराला जागा मागितली, तेव्हा त्याने आपलं एक रिकामं गोडाऊन लगेच देऊन टाकलं. आठवी-नववीची पोरं चित्रं रंगवून, कात्रणं चिकटवून आणि खाली मजकूर लिहून भिंतभर एक गोष्ट करणार होती. कात्रणांसाठी त्याने वाढदिवसांच्या जुन्या बॅनरांचा ढीगही दिला. समारोपाचे पाहुणे अर्थातच लडकूशेठ!

समारोपाच्या सकाळी तो पाहणीला गेला आणि हरखलाच. भिंतीवर हिरवागार, झोकदार अजगर, आणि मुंडीच्या जागी खुद्द केसरीनाथचा गॉगलवाला फोटो! पण लगेच तो भिंतभर शेठचा फोटो शोधू लागला.

"रुचिका, शेठचा फोटो कुठं हाय गं?"

"शेपटीला आहे ना काका," पुतणी म्हणाली. "छोटासा."

"शेपटीला? मना मारशील काय! शेठ वर, मोठा. मी खाली, बारीक. बदल आधी!"

"काका, काय लिहिलंय ते वाचा तरी."

"बॅनर कोन वाचतंय? लोकं फोटो बघतात!"

"अहो, हे बॅनर नाही, गोष्ट आहे," विनिता मॅडम कळवळून म्हणाल्या. त्यावर त्याने त्यांनाच बॅनरशास्त्र समजावलं. शेवटी पोरांनी हार मानली. शेठ मुंडीवर चढले, केसरीनाथ शेपटीच्या टोकाला गेला, आणि त्याला भारी समाधान वाटलं.

संध्याकाळी गाव जमलं. शेठनी पडदा ओढला, स्वतःला एवढं मोठं पाहिलं आणि खूश झाले. मग रुचिका गोष्ट वाचू लागली.

"एक होता अजगर. त्याने भाताची शेतं गिळली. ओढा गिळला. मग पोरांचं खेळायचं मैदानही गिळलं!"

गावकऱ्यांनी एकमेकांना कोपरं मारली! मैदानावर केसरीनाथच्या नव्या गोडाऊनचा पाया खणून झाला होता, हे कुणाला माहीत नव्हतं?

"ह्या मुंडीवर मना कोनी बसवला?" शेठ गरजले.

"केसरीनाथकाकांनी!" पोरं एका सुरात ओरडली.

"शेठ, आईशपथ, मी वाचलंच न्हाय!" केसरीनाथ गयावया करू लागला.

रुचिका मात्र वाचतच होती. "पण अजगराच्या पोटात पोरांचा दंगा काही थांबेना. त्याचं पोट दुखायला लागलं. शेवटी त्याने मैदान परत दिलं, आणि गावाने खूश होऊन त्यालाच सरपंच केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ मुरलेला गडी. टाळ्या ऐकल्या आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"पोरांनो, मैदान परत दिला! आपला केसरीनाथ उद्याच पाया बुजवील. आनि गावाचीच इच्छा हाय, तर सरपंचाला मीच उभा ऱ्हातो!"

केसरीनाथलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"आधी सांगाया काय झालेलं तुला?" तो रुचिकावर खेकसला.

"मी वाचा म्हणाले होते ना काका. मुंडी तर तुमचीच होती!"

प्रचाराच्या बॅनरवर तोच अजगर छापायचा हुकूम शेठनी केसरीनाथलाच दिला. या वेळी त्याने अक्षरन् अक्षर वाचलं. चूक एकही नव्हती. शेठ वर, मोठे; आणि तो शेपटीला, बारीक. अगदी शास्त्राप्रमाणे!