गैरवर्तनातला ‘गैर’

कोणत्याही व्यवसायाची प्रतिष्ठा त्यातल्या माणसांच्या वागणुकीवर अवलंबून नसते. त्या वागणुकीची चौकशी किती सावकाश होते, यावर असते. चौकशीची घाई ही संशयाची खूण आहे. हे तत्त्व आमच्या शहरात ज्या संस्थेनं सर्वांत मनापासून पाळलं, तिचं नाव विधिज्ञ सदाचार मंडळ. अदालत रोडच्या मागच्या अंगाला, एका झेरॉक्सच्या दुकानावर तिचं कार्यालय आहे. वकिलानं अशिलाशी गैरवर्तन केलं, तर तक्रार इथं करायची. (जिना फार उभा आहे. रागानं आलेला माणूस वर पोचेपर्यंत निम्मा शांत होतो, असा मंडळाचा अनुभव आहे.)

मंडळावर पाच सभासद असतात आणि पाचही वकील असतात. यावर काही लोक हसतात. त्यांनी जरा शांतपणे विचार करावा. दुधाची राखण मांजराकडे देऊ नये, हे आपण लहानपणीच शिकलो. पण दुधाची परीक्षा करायची झाली, तर त्या विषयात मांजराइतका जाणकार आणायचा कुठून?

मंडळाच्या अहवालानुसार आलेल्या तक्रारींपैकी चाळीस टक्के ‘अपूर्ण’ निघतात, तीस टक्के ‘मुदतबाह्य’ असतात, वीस टक्क्यांत तक्रारदाराचं समाधान होतं (म्हणजे तो यायचा थांबतो) आणि उरलेल्या दहा टक्के विचाराधीन राहतात. बेरीज बरोबर शंभर येते. ज्या संस्थेची बेरीज चुकत नाही, तिच्या हेतूबद्दल शंका घेऊ नये.

त्या विचाराधीन दहा टक्क्यांत सरूबाईंची तक्रार होती.

सरूबाई वैजापूर तालुक्यातल्या. त्यांचं रान आतल्या बाजूला आणि गाडीवाट दिराच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या रानातून. पिढ्यानपिढ्या बैलगाडी त्याच वाटेनं गेली, पुढं ट्रॅक्टर गेला. सरूबाईंचे मालक वारले आणि आप्पासाहेबांनी वाटेवर तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं. बांधावरून पायी जाता येत होतं, नाही असं नाही. पण रानात कांदा होता, आणि कांदा अजून स्वतःच्या पायानं बाजारात जायला शिकलेला नाही. सरूबाईंनी वाटेसाठी दावा लावला आणि शहरातले नानासाहेब वकील धरले.

नानासाहेब भला माणूस. कोर्टाच्या कोणत्याही पेशीला, म्हणजे तारखेला, ते वावगं बोलले नाहीत, कारण कोणत्याही पेशीला ते गेले नाहीत. शेवटच्या पेशीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, “मावशी, उद्या तुमच्या पुतणीचं लग्न आहे ना? तुम्ही बिनघोर लग्नाला जा. कोर्टाचं मी बघतो.” सरूबाई लग्नाला गेल्या. पाहतात तर नानासाहेब फेटा बांधून पहिल्या पंगतीत, नवरीच्या बापाच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या शेजारी. तिकडं कोर्टात पुकारा झाला, सरूबाईंतर्फे कोणीच नाही, दावा निकाली. (मांडवात दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. आमच्याकडं लग्नात भांडत नाहीत. त्यासाठी पुढं आयुष्य पडलेलं असतं.)

सरूबाईंनी मंडळाकडं तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. प्रतिज्ञापत्र करणारी बाई तीच आहे, याची खात्री कोणीतरी द्यावी लागते, आणि ती वकिलानंच द्यावी असा मंडळाचा नियम आहे. ‘मी यांना ओळखतो’ असं लिहून खाली सही करायची, बस. हा नियम अत्यंत सुज्ञ आहे. नाहीतर कोणीही उठून स्वतःच्या नावानं तक्रार करेल.

पण तक्रार नानासाहेबांविरुद्ध आहे असं कळल्यावर अदालत रोडवरच्या वकिलांना एक विचित्र विस्मरण जडलं. कालपर्यंत “काय सरूबाई, कांदा काय म्हणतो?” असं विचारणारे वकील त्यांच्याकडं प्रथमच पाहिल्यासारखे पाहू लागले. एकानं तर त्यांना त्यांचंच नाव विचारलं. अख्ख्या शहरात सरूबाईंची ओळख नाकारणं ज्याला शक्य नव्हतं असा एकच वकील उरला. त्याच्याकडं त्यांच्या सहीचा वकालतनामा होता.

सरूबाई पुंडलिकनगरला नानासाहेबांच्या घरी गेल्या. नानासाहेबांनी चहा मागवला, स्वतःविरुद्धची तक्रार पूर्ण वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, एक मुद्दा कच्चा होता तो पक्का करून दिला आणि ‘मी या बाईंना व्यक्तिशः ओळखतो’ असं लिहून सही ठोकली. याला व्यावसायिक निष्ठा म्हणतात. सही केल्यामुळं मंडळाच्या दप्तरी ते सरूबाईंचे वकील म्हणूनही नोंदले गेले. त्याला नियम म्हणतात.

यानंतर तक्रार विचाराधीन झाली आणि बराच काळ तिचा विचार झाला. दरम्यान शहराचं नाव बदललं. तेव्हा मंडळानं तक्रार परत पाठवली, की आपण नमूद केलेलं शहर आढळून येत नाही, तरी दुरुस्ती करावी. (परत पाठवल्याच्या पत्रावर शिक्का जुन्या नावाचा होता. नवा शिक्का विचाराधीन होता.) सरूबाईंनी शहर दुरुस्त करून दिलं. अखेर सुनावणी लागली. कांदा तेव्हा काढणीला आला होता आणि फाटकाला कुलूप होतंच.

अध्यक्षस्थानी काकासाहेब होते. त्यांनी प्रथम विचारलं, तक्रारदाराचे वकील कुठं आहेत?

“ते काय, समोर बसल्यात,” सरूबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं, की समोर बसलेत ते ज्यांच्यावर तक्रार आहे ते नानासाहेब. ते हजर आहेत. तुमचे वकील जे नानासाहेब, ते मात्र गैरहजर दिसतात.

“मंग त्यांना म्हणावं, उठा अन् हिकडल्या खुर्चीवर बसा. हितं मोकळीच हाय.”

मंडळाला यात काही आक्षेपार्ह आढळलं नाही. नानासाहेब उठले, सरूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, पुन्हा उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “माझ्या अशिलाची तयारी नाही. पुढची तारीख मिळावी.” मग ते आपल्या मूळ खुर्चीपाशी गेले आणि तितक्याच नम्रपणे म्हणाले, “माझी सक्त हरकत आहे. तक्रारदार बाई मुद्दाम वेळ काढताहेत. यात माझी नाहक बदनामी होते आहे.”

दोन्ही बाजू इतक्या समर्थपणे मांडल्या गेल्याचं मंडळाच्या इतिहासात हे पहिलंच उदाहरण. काकासाहेबांनी तसं बोलूनही दाखवलं. तारीख नामंजूर झाली आणि मंडळ मूळ प्रश्नाकडं वळलं: पेशीला न जाणं हे गैरवर्तन आहे काय?

यात घाई करून चालणार नव्हतं. शब्द अवघड वाटला की तो फोडून पाहावा. इथं दोन तुकडे पडतात, गैर आणि वर्तन. मंडळानं आधी सोपा तुकडा घेतला. वर्तन म्हणजे माणूस जे करतो ते. नानासाहेब कोर्टात गेलेच नाहीत. म्हणजे कोर्टात त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे वर्तन झालंच नाही. जिथं वर्तन नाही, तिथं त्याला गैर कसं म्हणणार? राहिलं लग्नातलं वर्तन. तिथं ते दोन घास जेवले, अक्षता टाकल्या, वधूवरांना आशीर्वाद दिला. ते वर्तन उत्तमच होतं.

उरला ‘गैर’. तो फारसी-उर्दूकडून आलेला, म्हणून सगळ्यांनी ज्येष्ठ सभासद गयास साहेबांकडं पाहिलं. निजामाच्या वेळच्या दस्तांची भाषा शहरात त्यांच्याइतकी कोणाला उलगडत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सांगितलं, की गैर म्हणजे परका, बाहेरचा. आणि मग हळूच विचारलं, “काकासाहेब, नाना अपने को गैर है क्या?”

सभागृह गहिवरलं. पंचवीस वर्षं एका बाररूममध्ये चहा घेतलेला माणूस गैर कसा? जो गैर नाही त्याचं वर्तन गैरवर्तन कसं? असं दोन्ही तुकड्यांनी दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं, आणि निकाल एकमतानं लागला. निकालात पुढं अशीही नोंद आहे, की या प्रकरणात परकं असं फक्त तक्रारदार बाईंना म्हणता येईल. परंतु मंडळानं मोठ्या मनानं त्यांच्या वर्तनाची चौकशी करायचं टाळलं.

“अन् माझ्या वाटंचं काय?” सरूबाईंनी विचारलं.

काकासाहेब म्हणाले की मंडळाच्या कक्षेत वकील येतात, वाटा येत नाहीत.

जिना उतरताना नानासाहेबांनी सरूबाईंना हात दिला. दोन दिवसांनी ते स्वतः रानात आले आणि फाटकापाशी दोन्ही पक्षांना उभं करून त्यांनी तोड काढली. आप्पासाहेबांनी या हंगामापुरतं कुलूप काढावं. सरूबाईंनी लिहून द्यावं की इथं वाट कधी नव्हतीच, आणि आज जातो आहे तो ट्रॅक्टर दिराच्या मेहेरबानीनं जातो आहे. कागद नानासाहेबांनी तयारच आणला होता. सरूबाईंनी कांद्याच्या ढिगाकडं पाहिलं. आभाळ भरून आलं होतं.

“मी वाट मागितली व्हती, वकीलसाहेब. मेहेरबानी नाय,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सही केली, कारण कांदा निकालाची वाट पाहत नाही.

ट्रॅक्टर फाटकातून गेला. नानासाहेबांच्या हिशेबी त्यांनी एकाच दिवशी दोन दावे जिंकले.

ही हकिकत मी अनेक सुशिक्षित लोकांना सांगितली. सगळे आधी हसले, मग हळहळले, मग म्हणाले की या देशात गरिबाला न्याय नाही. आणि निघताना, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, जवळजवळ प्रत्येकानं मला बाजूला घेऊन विचारलं, की नानासाहेबांचा नंबर आहे का. आमचं शेजाऱ्याशी भिंतीचं जरा प्रकरण आहे, आणि असा माणूस आपल्या बाजूला असलेला बरा. त्यांना दिला तसा तो तुम्हालाही देईन, त्यात संकोच कसला. फक्त जरा लवकर विचारा. तुमच्या शेजाऱ्यानं तो कालच नेला आहे.