वामनरावांचा संयम

एकतीस डिसेंबरच्या दुपारी रागिणीनं घरच्या ग्रुपवर हुकूम सोडला, की नव्या वर्षासाठी प्रत्येकानं एक शब्द निवडायचा. संकल्प नको, यादी नको, फक्त एक शब्द, आणि वर्षभर त्याच शब्दानं चालायचं. तिच्या पुण्याच्या ऑफिसात मागच्या वर्षी हे केलं होतं आणि म्हणे सगळ्यांना फार फायदा झाला. शब्द संध्याकाळच्या आत टाकायचा आणि एकदा टाकला की बदलायचा नाही.

ग्रुपमध्ये माणसं चार. रागिणी, तिचा नवरा पियुष, सासू सुभद्राबाई आणि सासरे वामनराव. पहिले तिघं पुण्यात एकाच फ्लॅटमध्ये, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. म्हणजे ग्रुपची खरी गरज एकट्या वामनरावांना, कारण ते तिकडे वऱ्हाडात, शेंदूरजनाघाटला, साडेचारशे संत्र्याच्या झाडांसोबत राहत होते.

सुभद्राबाई मे महिन्यात पुण्याला गेल्या त्या सुनेच्या बाळंतपणाला, दोन महिन्यांसाठी. नात झाली, दोन महिने झाले, मग रागिणीची रजा संपली, मग पोरीला दात यायला लागले, मग पोरगी आजीशिवाय झोपेना. असे करत करत आठ महिने गेले. जाताना बाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून ठेवली होती, दोन महिने पुरेल अशी. वामनरावांनी ती काटकसरीनं ऑगस्टपर्यंत नेली. तेव्हापासून रिकामी बरणी फडताळात तशीच होती, कारण ती धुवायला त्यांचा हात होत नव्हता.

त्यांचा दिवस उगवायचा तो रात्री आठला. त्या वेळी बाईंचा फोन यायचा. बाईंची एक आवडती मालिका होती आणि नात ती पाहू देत नसे, म्हणून वामनराव ती रोज पाहून बाईंना गोष्ट सांगत. त्यांना त्या मालिकेचा मनस्वी तिटकारा होता. पण गोष्ट संपली की बाई फोन ठेवत, म्हणून वामनराव गोष्ट लांबवत. नोव्हेंबरात तर त्यांनी पदरचा एक चुलत दीर घातला, त्याला अपघात घडवला आणि आठवडाभर दवाखान्यात ठेवला. बाईंनी त्याच्यासाठी नवससुद्धा बोलला. बोला आता.

एवढं सगळं करणारा माणूस ‘घरी ये’ हे दोन शब्द काही बोलत नव्हता. तसे वामनराव बोलायला फटकळ. तलाठ्याला तोंडावर सुनावतील, व्यापाऱ्याला बागेतून हाकलून देतील. पण बायकोची आठवण येते हे सांगायचं म्हणजे त्यांच्या जिभेला लकवा मारायचा. वऱ्हाडातल्या त्यांच्या पिढीच्या पुरुषाला ही विद्या कोणी शिकवलीच नाही.

तेव्हा त्या दुपारी शब्दाचा विचार करत ते बागेत तासभर फिरले. मनात एकच गोष्ट होती, ती लिहिली तर सून काय म्हणेल, पोरगा काय म्हणेल. पियुषचा शब्द आला ‘व्यायाम’, रागिणीचा ‘समतोल’. बाईंचा काही येईना. शेवटी वामनरावांनी शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आठवले आणि त्यातला जरा भारदस्त शब्द पाहून टाकून दिला. ‘संयम’.

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. आणि दोनच मिनिटांनी बाईंचा शब्द आला. ‘संयम’.

“आईबाबांचा शब्द एकच,” असं लिहून रागिणीनं लाल बदाम टाकले. वामनरावांनी मात्र फोन खाटेवर टाकला. त्यांना वाटलं, म्हणजे हिला तिकडे चांगलंच रमलं आहे. वर्षभराची तयारी करून बसली ही बाई.

आता गंमत अशी, की शब्द एकदा माणसाला चिकटला की लोक त्याला तो सोडू देत नाहीत. दोन जानेवारीला पियुषचा फोन आला. “बाबा, आई जूनपर्यंत राहिली तं चालते न? पोरगी एक वर्षाची झाली का पाळणाघरात टाकतो. तुमचा तं शब्दच संयम हाय, म्हणून विचाराची हिंमत झाली.” वामनराव म्हणाले, चालते. संयम लिहून बसल्यावर नाही म्हणणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्याच हातानं.

पियुषनं कौतुकानं ती गोष्ट आपल्या स्टेटसवर टाकली. ती देवानंदनं पाहिली. हा देवानंद गावातल्या संत्रा उत्पादकांच्या गटाचा सेक्रेटरी, आणि सभेला वक्ता मिळवणं हा त्याचा आजारच होता. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डिसेंबर-जानेवारीत संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड तहानलं, पानं मलूल झाली, की मग पाणी द्यायचं आणि बहर फुटतो. पण गावातल्या नव्या पोरांना दम नसतो, ती आधीच पाणी सोडून मोकळी होतात. वामनराव म्हणजे गावातला जुना जाणता बागाईतदार, त्यांनी या पोरांना ताण आणि संयम या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात, असं देवानंदनं ठरवलंसुद्धा. वामनराव नाही म्हणाले. देवानंद म्हणाला, एवढा चांगला शब्द घेतला आणि दुसऱ्याला देत नाही, हे बरं नाही. दहा तारखेला सकाळी बागेतच सभा, वर रोडग्यांची पंगत.

सभेला साठ-सत्तर माणसं आली. एकीकडे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. देवानंदनं प्रास्ताविकात सांगितलं, की वामनराव आठ महिन्यांपासून एकटे राहतात, हातानं रांधून खातात, पण तोंडातून कधी हूं की चूं नाही, याला म्हणतात संयम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वामनराव उभे राहिले. पहिली पाच मिनिटं बरं चाललं होतं. हलकी जमीन असली तर ताण किती दिवस, भारी असली तर किती, पान कसं ओळखायचं, सगळं नीट सांगितलं. मग कुठे कळ लागली कोण जाणे.

“आपल्या काया जमिनीत ताण दोन महिने,” वामनराव म्हणाले. “लय झालं तं वरतून आठ दिवस. आठ महिने कोणी ताण देते का? आठ महिन्यानं झाड बहरत नाही बाप्पा, झाड वायते, लाकूड होते त्याचं. मंग कॅनॉल जरी आणून सोडला तरी काही होत नाही. अन् त्या झाडाले विचारलं तं ते काय सांगन? संयम सांगन. दुसरं सांगाले त्याले तोंड कुठी हाय?”

पोरं वहीत लिहून घेत होती. वामनराव थांबले नाहीत.

“मायी बायको मे महिन्यात पुण्याले गेली. लोणचं ऑगस्टात सरलं. मले करमत नाही. घर खायले उठते. हा देवानंद म्हणते संयम. काहीचा संयम नाही, मले सांगता येत नाही म्हणून मी चूप हावो.”

एवढं बोलून ते खाली बसले. रोडग्यांजवळचा माणूससुद्धा चिमटा हातात धरून उभा राहिला. मग कोणीतरी मागून टाळी वाजवली आणि बागेत हशा पिकला. हसणारे वाईट नव्हते. अर्ध्यांच्या बायका पोरांकडे पुण्या-मुंबईलाच होत्या. पण वामनरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते न जेवता घरी आले.

घरी बसून त्यांनी विचार केला. आता उद्यापासून गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि एकदा अब्रू गेलीच आहे, तर मग लाजायचं कशाला? आपणच पुण्याला जावं आणि तिला घेऊन यावं. आधी फोन केला तर पियुष शब्दाची आठवण देईल, म्हणून त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. कपड्यांची पिशवी भरली, संत्र्याची एक भरली, घराला कुलूप घातलं. शेजारच्या पार्वताबाईंनी विचारलं, तर सांगितलं, अमरावतीले फवाऱ्याचं औषध आणाले जातो. दुपारच्या एसटीनं ते अमरावतीला गेले आणि तिथून रेल्वेनं पुढे निघाले. संक्रांत चार दिवसांवर आली होती, गाडीला मुंगीला शिरायला जागा नव्हती. अडुसष्ट वर्षांचा माणूस जनरलच्या डब्यात संत्र्याची पिशवी छातीशी धरून मनमाडपर्यंत उभा होता. पण मनातून खूष होता. दार उघडल्यावर ती काय म्हणेल, आपण काय म्हणू, याची त्यानं उभ्याउभ्या सतरा वेळा तालीम केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी पुण्याच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार रागिणीनं उघडलं. कडेवर पोरगी, केस विस्कटलेले, डोळे रडून लाल. सासऱ्यांना पाहून तिनं नमस्कार करायच्या ऐवजी भिंतीला हात टेकला.

“बाबा, तुम्ही इथं कसे?”

“तुही सासू कुठी हाय?”

“आई तर तिकडे गेल्या. तुमच्याकडे.”

वामनरावांना पिशवी खाली ठेवायचंही सुचेना. झालं होतं असं, की बागेतलं भाषण देवानंदनं इमानदारीनं मोबाईलवर घेतलं होतं. ते तालुक्यातल्या सगळ्या संत्र्याच्या ग्रुपांवर फिरलं, तिथून अकोल्याला रागिणीच्या वडिलांकडे गेलं आणि दुपारी तीनला रागिणीकडे आलं. बाईंनी ते पाहिलं. दोनदा पाहिलं. काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि बॅग भरून बाहेर आल्या. पियुषनं बाबांना कळवतो म्हटलं, तर म्हणाल्या, कळवायचं नाही, मला त्यांचं तोंड पाहायचं आहे. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं त्या निघाल्या. पोरगी आजीसाठी रात्रभर रडली आणि तिच्यासोबत रागिणीही. म्हणजे रात्रीतून वाटेत कुठेतरी हे दोन संयमी जीव एकमेकांच्या उलट दिशेनं गेले होते.

पियुषनं बाबांना खुर्चीत बसवलं आणि आई फोन उचलेना म्हणून पार्वताबाईंचा नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. तिकडेही तो स्पीकरवरच होता हे आवाजांवरून कळत होतं. अर्धी गल्ली पार्वताबाईंच्या घरात जमलेली असावी.

“तुमी कुठी हा?” सुभद्राबाईंचा आवाज आला.

“पुण्याले.”

“पुण्याले काहून गेले?”

“तुले आणाले.”

तिकडे कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं.

“अन् आता आणाले गेले,” बाई म्हणाल्या. “दोन तारखेचं तिकीट होतं मायं. पियुषनं काढून देल्लं होतं. मी म्हटलं, रागिणीनं एक शब्द लिवाले लावला हाय, तुमचा काय येते ते पाहू. तुमाले माही आठवण असन तं दिसनच. तं तुमचा संयम आला. मी पियुषले म्हटलं, रद्द कर बाप्पा, त्यायले काही घाई दिसत नाही.”

वामनरावांनी पियुषकडे पाहिलं. पियुष पंख्याकडे पाहू लागला.

“मंग तू कायले संयम लिवला?”

“तुमच्यापेक्षा कमी दिसू का मी?”

 वामनरावांनी सतरा वेळा घोटलेली भाषणं कुठल्या कुठे गेली. समोर सून होती, पोरगा होता, तिकडे गल्ली कान देऊन होती. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. लग्नात उखाणा घेतला तेवढाच.

“सुभद्रे,” ते म्हणाले, “मले तुह्याबिगर करमत नाही.”

 पियुषला वाटलं, फोन कटला. मग पार्वताबाई म्हणाल्या, की वहिनी पदरात तोंड घालून रडून राहिल्या, फोन ठेवू का. वामनराव म्हणाले, ठेवू नका. रागिणीनंही डोळे पुसले आणि पोरगी सासऱ्यांच्या मांडीवर दिली. म्हणाली, बाबा, चुकलं माझं, आईंना मी पुरतं अडकवून ठेवलं. पोरीनं आजोबांची मिशी मुठीत धरली आणि ती सोडेना. पहिल्यांदाच वामनरावांच्या ध्यानात आलं, की तिकडे बायको कशानं अडकली होती. ते नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

पियुष तिकिटं पाहत होता. संक्रांतीमुळे सगळं भरलेलं, सतरा तारखेपर्यंत एक जागा नाही. म्हणाला, बाबा, आठ दिवस आरामात राहा, नातीसोबत खेळा. वामनराव म्हणाले, उभ्यानं आलो, उभ्यानंच जाईन. आणि शिवाय घराची किल्ली माझ्या खिशात आहे, ती बाई बाहेर बसली आहे.

“किल्लीचं काय एवढं,” पियुष फोनकडे वाकून म्हणाला. “आई, दुसरी किल्ली पार्वताकाकूच्या घरीच असते. देवाच्या खोलीत खिळ्याले टांगली हाय.”

“मले माहीत हाय,” बाई म्हणाल्या. “मायाच डोक्यावर लटकून राहिली सकायपासून. मी नाही घेत. त्यायले म्हणा, तुमी या अन् उघडा.”