सुपडूदादाचा बटणांचा फोन

एका जंगलात सगळ्यांकडे काचेचे फोन आले होते. सशाकडे होता. सापाकडेही होता. सापाला हात नसतात, पण ते विचारायचं नाही. गोष्ट आहे, पोरांनो.

तिथे दोन रानडुकरं राहायची. थोरला सुपडू, धाकटा बारकू. डुकरांची रीत अशी, की तळ्यावर आधी थोरल्याने जायचं. चिखल किती खोल ते बघायचं. मग धाकट्याला हाक मारायची.

पण हाक वाघालाही ऐकू जाते. म्हणून सुपडू म्हणाला, "बारक्या, मला फोन घेऊन दे. बटणांचा. दोनचं बटण दाबलं की तुझा वाजला पाहिजे. बाकी काही नको."

दोघं कोल्ह्याच्या दुकानात गेले. कोल्ह्याने बटणांचा फोन दार मिटू नये म्हणून फटीत लावला होता.

"हा? हा तर कासवानेही परत केला," कोल्हा म्हणाला.

बारकूचे कान तापले. "दादा, हा चारचौघांत काढलास तर माझं लग्न मोडेल."

"तुझं लग्न तुझ्या थोबाडाने मोडेल. फोनला कशाला बोल लावतोस?"

"काचेचा घे म्हणतो ना!"

"अरे, माझ्या खुराला चिखल असतो."

"पुसायचा," कोल्हा म्हणाला.

बारकूने विचार केला नाही. तशी सवयच नव्हती. त्याने काचेचा फोन घेतला आणि दादाच्या गळ्यात अडकवला.

दुसऱ्या दिवशी सुपडू तळ्यावर गेला आणि पोटापर्यंत रुतला. त्याने काचेवर खूर टेकवला. काच म्हणाली, "खूर ओळखता आला नाही." त्याने नाक लावलं. "नाक ओळखता आलं नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा."

चिखलाला थोडा वेळ नव्हता. शेवटी सुपडूने हाक मारली.

बारकू टेकडीआड फोनवर मोराचा नाच बघत होता. कानात फोनची बोंडं घालून. दादाचा फोन आला की कळेलच, म्हणून निर्धास्त.

फोन आला नाही. दुपारी तो शोधत गेला. चिखलावर फक्त फोन तरंगत होता. काचेवर खुराचे सतरा ठसे होते.

बारकूने कोल्ह्याचं दार सुळ्याने फोडलं. कोल्ह्याने फोन पुसला, उजेडात धरला आणि म्हणाला, "चालू आहे की! ओरखडासुद्धा नाही."

मग जंगलाने शोक केला. चारशे जणांनी फोनवरून जोडलेले हात पाठवले. अस्वलाने चुकून केक पाठवला. बारकूने त्यालाही "आभारी आहे" असं कळवलं.

तात्पर्य: पोरांनो, बटणांचा फोन कधी घेऊ नका. तो लगेच लागतो. मग उठावं लागतं, धावावं लागतं, भावाला शेपटी धरून बाहेर ओढावं लागतं. एवढं करून तो वाचला, की उशीर केलास म्हणून जन्मभर शिव्या देतो. काचेचा घ्या. घर कसं शांत राहतं.