उजव्या बाहीचा निरोप समारंभ

सायंकाळी सहा वाजता शाळेच्या सभागृहात बँडमास्तरांच्या निरोप समारंभाला सुरुवात झाली. बँडमास्तर मंचावर आले, टाळ्या पडल्या, आणि फोटो काढायला आलेल्या मुलीला लेन्समधून त्यांच्या उजव्या खांद्यावर पांढऱ्या धाग्याचे लांब लांब टाके दिसले.

नुसत्या डोळ्यांनी ते कोणाला दिसले नसते. कोट गडद निळा होता आणि सभागृहातले दिवे बेताचेच होते. पण मुलीकडे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स होती, शिवाय तो कोट तिच्याच हातून गेला होता. पांढरा धागा म्हणजे कच्चा टाका. याचा अर्थ कोटाची उजवी बाही कोटाला नुसती टेकवलेली होती. हात वर झाला की ती जाणार.

या मुलीला घरात बारकी म्हणत. आता ती घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाली होती, पण नाव एकदा पडलं ते पडलं. ती मावशीच्या शिवणाच्या दुकानात काम शिकत होती आणि उरलेल्या वेळात समारंभांचे फोटो काढायला निघाली होती. हा तिचा पहिलाच समारंभ. मावशीने सकाळीच बजावलं होतं, "आजचे फोटो नीट आले तर कॅमेरा ठेव. नाही आले, तर उद्यापासून पूर्ण वेळ मशीनवर. अर्धी इथे, अर्धी तिथे असली भाची मला नको."

घडलं होतं ते असं. हात उचलताना कोट काखेत ओढतो, अशी बँडमास्तरांची तक्रार होती. मावशीने दोन्ही बाह्या उसवल्या, बाही जोडायची भोकं, म्हणजे मुंढे, मोठे कापले, बाह्या कच्च्या टाक्यांनी जागेवर धरल्या आणि पक्की शिलाई मारायला कोट बारकीकडे दिला. बारकीने डावी बाही पक्की केली. मग कॅमेऱ्याची बॅटरी आठवली. दुकानात त्या कोपऱ्यात प्लग एकच. तिने मशीनचा प्लग काढून चार्जर लावला, बॅटरी भरेपर्यंत कोटाला कोळशाची इस्त्री करून घेतली, आणि इस्त्री झालेला कोट इतका तयार दिसू लागला की तो तयारच आहे, असं तिलाही वाटलं. दुपारी बँडमास्तरांची बायको, म्हणजे काकू, येऊन तो घेऊन गेल्या.

बारकी मंचाच्या कडेला गेली. सुई तिच्या गळपट्टीला टोचलेली होतीच.

"सर, दोन मिनिटं कोट काढता का? फोटोत घड्या दिसतायत."

"अजिबात नाही," बँडमास्तर हळूच म्हणाले. "आतल्या शर्टाला फक्त पुढून इस्त्री आहे. काहीही झालं तरी कोट काढायचा नाही, असा घरून हुकूम आहे."

"मग निदान उजवा हात वर करू नका. फोटो बिघडतो."

"हात कुठे ठेवू?"

"खाली. अंगाला चिकटून. असाच ठेवा."

फोटोवाल्यांचं लोक किती ऐकतात, याचा अंदाज बारकीला तोवर नव्हता. बँडमास्तर खांबासारखे उभे राहिले. पुष्पगुच्छ त्यांनी डाव्या हाताने घेतला. मानचिन्ह जड होतं, तेही त्यांनी डाव्या हाताने पोटाशी धरलं. शाळेचे अध्यक्ष हस्तांदोलनाला पुढे झाले, तेव्हा बँडमास्तरांनी मानचिन्ह खुर्चीवर ठेवलं आणि पुन्हा डावाच हात पुढे केला.

"हाताला काही झालंय का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

बँडमास्तरांनी बारकीकडे पाहिलं. बारकीने मान हलवून नको म्हटलं.

"काही नाही," बँडमास्तर म्हणाले. "सांगितलंय तसं करतोय."

"कोणी? डॉक्टरांनी?"

एवढ्यात माइक चालू झाला आणि त्यातून फक्त शेवटचा शब्द सभागृहात गेला. पहिल्या रांगेत कोणीतरी म्हणालं, हाताला काहीतरी झालंय. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचताना हात हलत नव्हता. शेवटच्या रांगेत तर, बिचारे निवृत्तीच्याच दिवशी असं व्हावं, म्हणून दोघीजणी डोळे पुसू लागल्या. बातमी मागून फिरून पुन्हा पुढे आली, ती थेट काकूंच्या कानावर.

"अहो!" काकू खुर्चीवरून उठल्या. "मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

"हात गेल्याचं!"

"कोणाचा?"

काकूंच्या शेजारी मावशी बसली होती. तिने एकदा बँडमास्तरांच्या हाताकडे पाहिलं, एकदा बारकीकडे पाहिलं, आणि पिशवीतून चष्मा काढला. चष्मा म्हणजे संकट, हे बारकीला दुकानातल्या अनुभवावरून माहीत होतं.

श्रोत्यांत एका विद्यार्थिनीचे वडील डॉक्टर होते. ते तत्परतेने मंचावर चढले. "काळजी करू नका. हात सावकाश वर करा बघू."

"नको!" बारकी ओरडली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे, प्रकाश," बारकी म्हणाली. "त्या बाजूला प्रकाश नाहीये."

"मुली, इथे माणसाचा हात चाललाय," डॉक्टर म्हणाले.

"काही चाललेला नाही माझा हात!" बँडमास्तरांचा आवाज शेवटी चढला. आयुष्यभर त्यांनी बँडचे पितळी भोंगे आणि ढोल यांच्या वर आवाज काढला होता, त्यामुळे माइकची गरज पडली नाही. "मी ठणठणीत आहे. ही पोर हात खाली म्हणाली, मी ठेवला. पण आता बास! मुलांनो, वाद्यं घ्या!"

कार्यक्रमात हे नव्हतं. तरी मुलांनी वाद्यं घेतली. बँडमास्तरांनी छडी उचलली आणि उजवा हात, तिन्हीसांजेपासून कोंडलेला उजवा हात, थेट छताकडे गेला.

पहिला टाका तुटलेला बारकीने लेन्समधून पाहिला. दुसरा आणि तिसरा एकदम गेले. बँडमास्तरांना यातलं काहीच कळलं नाही. उलट, हात इतका मोकळा पूर्वी कधीच फिरला नव्हता, त्यामुळे ते खुलले. लय वाढवली. मुलांनी गाल फुगवले. बाही खांद्यावरून कोपरापाशी आली. बारकीचा एक हात गळपट्टीतल्या सुईकडे गेला होता, दुसऱ्या हाताचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं. मग शेवटचा ठोका आला. बँडमास्तरांनी डोळे मिटून, सगळा जीव एकवटून हात झटकला, आणि बाही मनगटावरून सुटून अध्यक्षांच्या डोक्यावरून गेली ती सगळ्यात मोठ्या भोंग्याच्या तोंडावर जाऊन पडली. तो सूर आतच राहिला.

"गेला! खरंच गेला!" शेवटच्या रांगेतून आवाज आला.

मावशी शांतपणे मंचावर चढली. तिने भोंग्यावरची बाही काढली, कडेचा धागा चिमटीत धरला आणि दिव्याखाली नेला.

"पांढरा," ती म्हणाली.

"हो," बारकी म्हणाली.

"मशीन?"

"प्लग काढला होता. चार्जरसाठी."

"घरी चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने दुकान उघडलं आणि फोटो बघायला मागितले. पहिल्या फोटोत बँडमास्तर अंगाला हात चिकटवून उभे होते. पुढच्यातही. त्याच्या पुढच्यातही.

"हा माणूस आहे की पेटीतली छत्री?" मावशी म्हणाली. "हेच का तुझे फोटो? मशीनला तेल घाल, आजपासून बस."

बारकीने मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुढचा फोटो आणला. त्यात बँडमास्तरांचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं, एक पाय जमिनीला नव्हता. बाही हवेत होती. खाली अध्यक्ष वाकले होते आणि गाल फुगवलेली मुलं बाहीकडे न बघता फक्त बँडमास्तरांकडे बघत होती.

मावशी कॅमेऱ्यावर वाकली.

"हा तू काढलास?"

"बटण दाबलं गेलं."

"गेलं नाही. दाबलंस." तिने चष्मा वर सरकवला. "मोठा होतो का? खांदा दाखव. अजून. हं. मुंढ्याची गोलाई बघ. तसूभर इकडेतिकडे नाही. कटिंग माझं आहे. उडाली ती तुझी शिलाई."

तेवढ्यात काकू आल्या. त्या भांडायला आल्या होत्या, तसं त्यांनी दारातच सांगितलं. मग त्यांची नजर फोटोवर पडली आणि त्या स्टुलावर बसल्या.

"लग्नातल्या फोटोपासून हा माणूस फोटोत असा उभा असतो, जणू पोलिसांनी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "घरात माझ्यासमोर जसा असतो ना, तसा पहिल्यांदा फोटोत आलाय. मला हाच हवा. भिंतीवर लावायला, मोठा."

"लोक विचारतील, कोट कुणी शिवला," मावशी म्हणाली.

"सांगेन की!"

"तीच तर पंचाईत."

काकूंनी फोटो मोठा करून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. दोन दिवसांत मावशीच्या दुकानाचा फोन वाजू लागला. कोटाबद्दल कोणी विचारत नव्हतं. माणसं हात अंगाला चिकटवून उभी नसतील असे फोटो काढणारी मुलगी इथेच असते का, असं लोक विचारत होते.

कॅमेऱ्याबद्दल मावशीने अजून काही जाहीर केलेलं नाही. बारकीनेही विचारलेलं नाही. ती मशीनवर बसून बँडमास्तरांची बाही पक्की करते आहे आणि अर्ध्या मुंढ्यापर्यंत पोचली आहे. आज सकाळी फोन वाजला तेव्हा ती उठू लागली, पण मावशीने हाताने तिला खाली बसवलं आणि फोन स्वतः घेतला.

"फोटोवाली आत्ता कामात आहे. कसलं काम ते सोडा. तिने कुठे यायचं तेवढं बोला."

जवळ कागद नव्हता. मावशीने खडू उचलला आणि समोर अंथरलेल्या कापडावर पत्ता लिहून घेतला. कापड कोणाचं होतं, ते अद्याप कळलेलं नाही.