सूर्य पाठीशी

आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगमधले एसी दुरुस्त करणारे परकारभाई बोलायला उभे राहिले की आधी जागा बदलून घेतात. ऊन त्यांच्या पाठीवर पडायला हवं, मग समोरच्याचे डोळे दिपेनात का. "सूर्य पाठीशी, पाणी पुढ्यात," हा त्यांचा मंत्र. इंद्रधनुष्य तसंच दिसतं म्हणे. आता दुबईत ते निघणार कुठून, हे त्यांना विचारायची सोय नाही.

गेल्या जुलैत आमचा एसी बसला. सकाळी दहाला फोन केला, तर म्हणतात, "वहिनी, कॉइल पाचला धुतो. आत्ता सूर्य फार वर आहे, धनुष्य धरायचं नाही." मी घामाने निथळत होते. धनुष्य गेलं खड्ड्यात, असं तोंडावर आलं होतं, पण माणूस कामाला चोख, म्हणून गिळलं.

पाचला मुलाला घेऊन गच्चीवर गेले, तर कॉइल धुणाऱ्या परकारभाईंच्या पंपाच्या फवाऱ्यात खरंच सात रंगांची कमान.

"वर बघा, दुसरं आहे. फिकट, रंग उलटे. किरण थेंबाच्या आत एकदा आपटून बाहेर आला की पहिलं, दोनदा आपटला की दुसरं." मग अल ऐनच्या रस्त्यावर हिवाळ्यातल्या धुक्यात दिसणारं पांढरं धनुष्य सांगितलं. थेंब इतके बारीक की रंग एकमेकांत मिसळून जातात. चांदण्यातलंही असतं, तेवढं त्यांना अजून गावलेलं नाही.

"इट्स जस्ट फिजिक्स, अंकल," चिरंजीव म्हणाले.

"जस्ट नको म्हणू, हबीबी."

एवढं शिकलात कुठे, मी विचारलं. ते पाइप गुंडाळायला लागले.

"आमची शबाना लहान होती ना, पावसात गावाहून फोन करायची. अब्बा, धनुष्य निघालंय, या ना. एसीवाल्याला उन्हाळ्यात सुट्टी कोण देतो? आमची सुट्टी डिसेंबरात. अठ्ठावीस वर्षांत घरचा पाऊस बघितला नाही. मग पुस्तकं वाचली. फोनवर सांगायचो, सूर्याकडे पाठ कर, आता वर बघ, दुसरं असेल. तिला दिसायचं. मला नुसतं ऐकू यायचं." पाइप गुंडाळून झाला होता, तरी त्यांनी तो सोडून परत गुंडाळला. "एकदा तिच्या शेजारी उभं राहून बघायचंय, इन्शाल्ला."

मला माझ्या सकाळच्या चिडचिडीची लाज वाटली.

यंदा त्यांनी मालकाला सांगून टाकलं, ऑगस्टात सुट्टी द्या, नाहीतर खलास. मिळाली. इकडे आमच्या बिल्डिंगमध्ये तीन एसी बंद पडले आणि आम्ही परकारभाईंच्या नावाने मनसोक्त कुरकुर केली.

एका संध्याकाळी गावाहून त्यांनी काढलेला फोटो आला. त्यात इंद्रधनुष्य नव्हतंच. कॅमेरा थेट सूर्याकडे, सगळा उजेडच उजेड, आणि मधे वर बघणाऱ्या शबानाचा काळपट पडलेला, हसरा चेहरा.

मी फोन लावला. "परकारभाई, सूर्य पाठीशी ना?"

"ती वर बघत होती, वहिनी. मी तिच्याकडे बघत राहिलो."

"आणि धनुष्य?"

"दुहेरी होतं," ते म्हणाले. "ती सांगत होती."