जुळवलेला आकडा

काही केल्या जानरावांचं उत्तर विलायतेत छापून आलेल्या उत्तराशी जुळेना. अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा सरळमार्गी गृहस्थ, पण घरी येऊन वर्षानुवर्षं एकच गणित उगाळत बसे. इलेक्ट्रॉन म्हणे प्रकाशाचा कण सोडतो आणि स्वतःच परत गिळतो. त्या फेऱ्यांची चित्रं काढायची, प्रत्येक चित्राचं गणित मांडायचं आणि इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व अगदी नेमकं सांगायचं. एका फेरीचं उत्तर झकास जुळलं. दोन फेऱ्यांचं मात्र छापील आकड्याच्या नवव्या हिश्श्याइतकंच येई.

"मंग छापणाऱ्याचं चुकलं असन," कुरडया घालता घालता कौशल्या म्हणाली.

"अवं, ते मोठे लोक हायेत! त्याईचं कसं चुकन?"

शेवटी एका दुपारी जानरावांनी मन घट्ट केलं. एका चित्रापुढचं अधिक खोडून उणे केलं, दुसऱ्याला कुठूनसा एक गुणक चिकटवला, आणि काय सांगावं, उत्तर तंतोतंत! मनातून लाज वाटली, नाही असं नाही. पण तोवर ते ओरडून बसले होते, "जुळलं वो, जुळलं!"

कौशल्यानं लगोलग अकोल्याला माहेरी कळवलं. तिचे वडील पंजाबराव कापसाचे व्यापारी. जावयाचं कौतुक त्यांच्या पोटात मावेना. त्यांनी सत्काराचा मांडव घातला, जानरावांच्याच प्राचार्यांना अध्यक्ष केलं आणि तो आकडा हातभर अक्षरांत कापडावर रंगवून जावयाच्या डोक्यामागं टांगला.

"मामाजी, आकडा कशाले?" जानराव कुजबुजले.

"राहू द्या जी! लोकायले दिसला पायजे."

शाल पडली, नारळ आला. मग प्राचार्य उठले.

"एक गंमत सांगतो. बोटीनं निघालेलं परदेशी मासिक कालच हाती आलं. हा छापील आकडाच चुकीचा होता म्हणे! पुन्हा गणित केलं, तर त्याच्या नवव्या हिश्श्याइतकंच उत्तर निघालं. जानराव, तुम्ही तर स्वतंत्रपणे केलं होतं ना? मग तुमचंही चुकून तेच कसं आलं?"

जानरावांचे कान तापले, अंगावरची शाल नकोशी झाली. पंजाबरावांना गणित कळलं नाही, पण जावयाचा चेहरा बरोबर कळला.

तेवढ्यात बायकांतून कौशल्या ताडकन उठली.

"नाई जी! याईचं पयलं उत्तर बरोबरच व्हतं! मी सोता पायलं. बुकाशी जुळेना म्हून मंग याईनंच खोडखाड करून जुळवलं!"

आणि नवऱ्याची अब्रू वाचवल्याच्या समाधानानं पदर सावरून ती खाली बसली.