वाशीम तालुक्यात थंडी न वाजण्याबाबत

ऊन ओसरीवरून तासाला वीतभर सरकतं.

वांग्याच्या रोपाला मुलगा नसतो.

घोंगड्या चाळीस, सभासद तेवीस, थर्मामीटर एक (पारा सांडलेला, पण धरायला रुबाबदार).

मिरचीचा ठसका लागायला चूल पेटलेली असावी लागते.

म्हातारपण आणि हिवाळा या दोन्ही गोष्टी दरवर्षी थोड्याथोड्या वाढतात, हे सत्य कोणीही नाकारणार नाही. ते न नाकारण्यासाठीच १९३६ सालच्या मार्गशीर्षात वाशीमला 'वृद्ध शीतनिवारण मंडळ' स्थापन झालं. चिटणीस म्हणून कापडाचे व्यापारी शिखरचंदजी एकमताने निवडून आले (दुसऱ्या कोणाला अक्षर नीट काढता येत नव्हतं). घोंगड्या रेल्वेने आल्या. त्या कोणालाही उगाच वाटणं म्हणजे थंडीचा अपमान. म्हणून आधी सर्वेक्षण करायचं ठरलं. नियम असे:

एक. साठीपुढच्या प्रत्येक व्यक्तीस 'थंडी वाजते काय?' असा एकच प्रश्न विचारावा.

दोन. प्रश्न अंगणात, मोठ्याने विचारावा. लपवाछपवी नको.

चार. घरचा कर्ता मुलगा शेजारी उभा असावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धीर येतो.

(तिसरा नियम वादात सापडला. अजून तिथेच आहे.)

विचारलेले वृद्ध : ४१३.
थंडी वाजत नाही : ४१२.
'जेवलो' असं उत्तर : १ (अनसिंगचे गृहस्थ, कानाने अधू).

मंडळाला काम सुरू करण्याआधीच एवढं यश मिळाल्याचं उदाहरण वऱ्हाडात दुसरं नसावं.

तक्रार असल्यास पुढील ओळीवर सही करावी :

.......................................

आता गोजराबाई. गावाबाहेरच्या मळ्यात मेथी, गाजर, वांगी पिकवणारं घर. वय सत्तर किंवा त्याच्या आसपास कुठेही. गोजराबाईंकडे एक गोधडी होती. पौष लागला तशी ती उन्हाळी वांग्यांच्या वाफ्यावर गेली. रोपं मेली तर उन्हाळ्यात बाजारात काय न्यायचं? घरात यावर चर्चा झाली नाही. गोजराबाई लुगड्याचा पदर दुहेरी करून निजू लागल्या आणि खोकू लागल्या. खोकला आठवडाभर वाढतच होता.

शिखरचंदजी थर्मामीटर घेऊन अंगणात आले. नियमाप्रमाणे मुलगा दौलतराव शेजारी उभा राहिला. नियमात नसलेली शेजारीण रंगूबाईही उभी राहिली.

"गोजराबाई, थंडी वाजते काय?"

"नाही जी. मले कायची थंडी वाजते? माहा दौलत हाय ना!"

"मग खोकून काहून राह्यल्या?"

"मिरचीचा ठसका लागला."

"चूल तं अजून पेटली नाही," रंगूबाई म्हणाली. "ठसका कोठून आला वं?"

"तुह्या घरून आला!"

शिखरचंदजींनी 'नाही' लिहिलं. दौलतरावाने मान वर केली. आईने चारचौघांसमोर थंडी कबूल केली असती, तर उद्या बाजारात लोकांनी त्याला मेथीचा नव्हे, मायचा भाव विचारला असता.

"थांबा शेटजी," गोजराबाई म्हणाल्या. "मले नाही. पण वाफ्यातल्या रोपाइले लय थंडी वाजून राह्यली. मुकी लेकरं हायेत. कोणाले सांगतीन?"

"हे खरं हाय जी," दौलतराव लगेच बोलला. "पानं पिवळी पडून राह्यली."

एवढ्या मोठ्या तालुक्यात थंडीची ही पहिलीच कबुली. मंडळाची तातडीची बैठक भरली. रोपांचं वय एकवीस दिवस. साठीला बराच अवकाश. परंतु वयाची अट माणसांपुरती होती, रोपांना ती लावता येईना. तीन तासांनी (मध्ये चहा) ठराव झाला : वाफ्यास एक घोंगडी मंजूर. शर्ती : घोंगडी वाफ्यावरच असावी, कोणाही माणसाने अंगावर घेऊ नये, पहाटे तपासणी होईल.

तपासणी झाली. अहवाल : 'घोंगडी जागेवर. रोपं सुखरूप. अर्जदार बाई दारात जुन्या गोधडीत पायापासून नाकापर्यंत गुंडाळून बसल्या होत्या. खोकला उतरला आहे. थंडी वाजत नसल्याचं त्यांनी गोधडीतून पुन्हा सांगितलं.'

बातमी पसरायला बाजाराचा एक दिवस पुरला. पंधरवड्यात जऊळक्यापर्यंत शेळ्या, तुळशी, वासरं, कोथिंबीर आणि एक आजारी कोंबडा यांना थंडी वाजू लागली. अर्ज एकशे सहा. प्रत्येक अर्जाच्या मागे साठीपुढचं एक माणूस, ज्याला स्वतःला काही होत नव्हतं. चाळीसही घोंगड्या संपल्या. वाशीम तालुक्यात त्या हिवाळ्यात माणूस सोडून सर्वांची काळजी घेतली गेली, आणि त्यामुळे बरीच माणसं वाचली.

वाचकांच्या घरी साठीपुढचं कोणी असल्यास त्यांनीही आजच विचारावं. पद्धत सोपी आहे : बाहेर निघताना, दारात उभं राहून, टोपी घालता घालता, "आई, थंडी नाही ना वाजत?" उत्तर आपल्याला माहीत आहे, प्रश्नातच ते घालून ठेवलेलं असतं. ते आलं की निर्धास्त जावं. वरची कोरी ओळ आपल्या आईसाठीच सोडली होती. तिने सही केलेली नाही, हे आपण पाहिलंच असेल.

सर्वेक्षणात पहिला प्रश्न शिखरचंदजींनी आपल्याच ओसरीवर, आपल्या आईला, भंवरीबाईंना विचारला होता. त्यांनी "नाही" म्हटलं आणि बसायची जागा उन्हाबरोबर वीतभर सरकवली.